न्दुगूचे गाव : ‘अबाउट श्मिट’मधील दत्तक-पालकाची पत्रे

दूरदेशीच्या एका मुलाच्या नावाने दरमहा ठरावीक रक्कम पाठवावयाची व त्याच्याशी पत्रव्यवहार ठेवावयाचा, ही दत्तक-पालक योजनेची रीत अलेक्झांडर पेन ह्यांच्या ‘अबाउट श्मिट’ (२००२) ह्या चित्रपटात निवेदनाचे साधन झाली आहे. लुई बेग्ली ह्यांच्या ज्या कादंबरीवरून (१९९६) चित्रपटाचे नाव व काही धागे घेतले, तीत हा मुलगा नाही. तो पटकथेने आणला; आणि चित्रपटाचे यश व त्याची उणीव ही दोन्ही ह्या एकाच भरीत आहेत.

ओमाहा येथील विमा कंपनीतून निवृत्त झालेला वॉरन श्मिट दूरचित्रवाणीवरील आवाहन पाहून टांझानियातील न्दुगू ह्या सहा वर्षांच्या मुलासाठी महिना २२ डॉलर देऊ लागतो. धनादेशासोबत पत्र लिहावयाचे असते. त्या पत्रांत तो पत्नीविषयीची अढी, कचेरीत आपल्या जागी आलेल्या तरुणावरचा राग, मुलीच्या नियोजित वराविषयीचा तिटकारा असे सारे ओतीत राहतो. ज्याला अक्षरओळख नाही अशा बालकापुढे हे आत्मकथन चालावे, ह्यातील उपरोध भेदक आहे. स्वाहिलीत ‘न्दुगू’ म्हणजे भाऊबंद. न्येरेरे ह्यांच्या काळात टांझानियाचे नागरिक परस्परांना ह्याच शब्दाने संबोधीत. पटकथाकारांच्या मनात हा अर्थ होता की नाही ते असो. श्मिटला मन मोकळे करावयास तोच एक भाऊबंद उरला आहे.

अखेरीस एका ख्रिस्ती जोगिणीचे उत्तर येते. न्दुगूच्या डोळ्याला विकार झाला होता, आता तो बरा आहे, असे ती कळविते आणि सोबत त्याने काढलेले चित्र धाडते : एक मोठी व एक लहान आकृती, हातात हात घेतलेल्या. श्मिट रडतो. हे अश्रू खोटे नाहीत. खोटी आहे ती त्यांच्या मागची मांडणी, कारण तीत एक दाता, एक बालक आणि मध्ये केवळ टपाल एवढेच आहे.

चित्रपटातील चाइल्डरीच ही प्रत्यक्षातील ‘प्लॅन’ संस्थेची अमेरिकन शाखा होती. स्पेनच्या यादवी युद्धात, १९३७ साली, निराश्रित मुलांसाठी निघालेल्या ह्या संस्थेने पुढे वर्गण्या एकत्र करून गावाची शाळा, पाणी, आरोग्य ह्यांवर खर्च करण्याची पद्धत स्वीकारली. म्हणजे पत्र एकाचे, पैसा गावाचा. न्दुगूचा नेत्रविकार कोणता ते कळत नाही. पण पूर्व आफ्रिकेच्या कोरड्या मुलखात मुलांना होणारी खुपरी पाण्याच्या टंचाईशी निगडित असते, आणि एका मुलाला औषध दिल्याने ती गावातून हटत नाही. सहा वर्षांच्या मुलाने चित्रात विहीर काढावी अशी अपेक्षा नाही. चित्रपटाकडून ती होती.

तथापि पत्राला निव्वळ भुलावण म्हणून निकालात काढणेही उतावीळपणाचे होईल. वायडिक, ग्लेवी व रटलेज ह्यांनी २०१३ साली सहा देशांतील १०,१४४ व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध केली. कंपॅशन संस्थेच्या साहाय्याने वाढलेल्यांचे शालेय शिक्षण १.०३ ते १.४६ वर्षांनी अधिक झाल्याचे तीत आढळले. ही संस्था खर्च मुलाभोवती केंद्रित करते, म्हणून तिचा दाखला सामाईक वर्गणीच्या पद्धतीस जसाच्या तसा लावता येत नाही. पण इंडोनेशियातील मुलांनी काढलेल्या स्वतःच्या चित्रांवरून २०१८ साली झालेल्या अभ्यासात अशा साहाय्याने मुलांची आशा वाढलेली दिसली. कोणीतरी आपल्याला नावाने ओळखतो ही जाणीव विहिरीतून मिळत नाही. पेन ह्यांना हे अर्धे सत्य नेमके उमगले आहे.

उरलेले अर्धे त्या चित्रातच दडले होते. मोठी आकृती आपली, असे श्मिट मानतो आणि प्रेक्षकही मानतो. गावात मुलाचा हात प्रत्यक्ष धरणारी माणसे निराळी असतात. त्यांपैकी एका जोगिणीचे अक्षर तेवढे पडद्यापर्यंत पोचते, आणि कॅमेरा श्मिटच्या चेहऱ्यावरच थांबतो.