लेझीम, शाळा आणि आपली मुले

आपल्या मंडळाची कुळकथा सभासदांना नव्याने सांगण्याचे प्रयोजन नाही. दिवाणखान्यातील दीड दिवसाचा गणपती, त्यानंतर चर्चचे भाड्याचे सभागृह, पुढे शाळेचे मोठे सभागृह, आणि मध्यंतरी एकाची दोन मंडळे होता होता राहिल्याची ती भानगड, हे सारे आपल्याला तोंडपाठ आहे, आणि न. चिं. केळकरांच्या प्रेरणेने १९३२ साली स्थापन झालेले लंडनचे महाराष्ट्र मंडळ इतक्या जवळ असताना आपण रेडिंगकरांनी इतिहासाचा फार तोरा मिरवू नये, हेही खरेच. तथापि लेझीम पथकाविषयी चार शब्द लिहावेत असा संपादकवहिनींचा हुकूम आला, आणि लिहावयास बसल्यावर ध्यानी आले की, पथकाची हकीकत आणि माझ्या दोन मुलांची शाळेची वर्षे ही दोन दप्तरे मला वेगळी करता येत नाहीत. तेव्हा वाचकांनी दोन्ही एकत्रच सोसावीत.

मी मूळची मेढ्याची. साताऱ्याहून वेण्णेच्या काठाने वर जाताना कण्हेर धरणाचे पाणी मागे पडले की जावळी तालुक्याचे हे ठाणे लागते. पुढे केळघरचा घाट आणि महाबळेश्वर. आमच्या शाळेत शनिवारी सकाळी कवायत झाली की लेझीम असे. फूट-सव्वा फुटाचा लाकडी दांडा, त्याला लोखंडी साखळी, साखळीत पत्र्याच्या चकत्या. एवढ्याशा वस्तूने घटकाभरात मनगट भरून येई. सरांनी ‘हुश्शार’ म्हटले की पाठीचे कणे ताठ होत, मग ‘चार आवाज’, मग ‘पवित्रा’, ‘दो रुख’, ‘आगे फलांग’ असे एकेक प्रकार चढत जात, आणि साऱ्या पोरींच्या चकत्या एकाच क्षणी खणकल्या तर सर प्रसन्न, एखादी मागे रेंगाळली तर पुन्हा पहिल्यापासून. दिल्लीला १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनात चारशे जणांनी लेझीम केली, ही वार्ता त्यांनी वर्गात ज्या स्वरात सांगितली त्या स्वरात त्यांनी पोटच्या मुलाचा निकालही कधी सांगितला नसेल.

जावळीच्या माणसाला परमुलूख नवा नाही. उताराची जमीन आणि मुसळधार पाऊस यांवर संसार भागत नाही, म्हणून पिढ्यान् पिढ्या माणसे मुंबईला गेली, गिरणीत राबली, बाजारात पाठीवर ओझी वाहिली. परंतु गावाचे मुंबईत एक मंडळ, त्या मंडळाची वर्गणी, आणि त्या वर्गणीच्या बळावर गावची यात्रा, हा शिरस्ता त्यांनी मोडला नाही. यात्रेला मुंबईकर उतरले म्हणजे पालखीपुढे हलगी कडाडे आणि वर्षभर यंत्रापुढे उभी राहिलेली ती माणसे लेझीम घेऊन रात्र जागवीत. परदेशात कला टिकवल्याचा जो अभिमान आपण दर समारंभात भाषणातून व्यक्त करतो त्यात, म्हणून, नवलाई थोडी आहे. परळच्या दहा बाय दहाच्या खोल्यांतून हे काम आपल्या आधी, आणि आपल्यापेक्षा पुष्कळ कमी पैशांत, झालेले आहे. आणखी एक गोष्ट अशा स्मरणिकांतून सहसा लिहिली जात नाही. ती हलगी ज्यांच्या हाती होती त्या मातंग आणि महार वादकांना पालखीपुढे अग्रस्थान असे, पण कित्येक गावांत देवळाची पायरी त्यांना वर्ज्य होती. ‘आपली कला’ असे म्हणताना हे ऋण मला टोचते, आणि आपल्या पथकात कोणाच्याही पोराने हलगीला हात घालावा, कोणी त्याला ‘कोणाचा?’ म्हणून विचारू नये, याचे समाधानही त्याच कारणाने वाटते.

१९९८ साली आम्ही रेडिंगला आलो तेव्हा थोरला रांगत होता. धाकटीचा जन्म इथला. थोरला शाळेत जाऊ लागल्यावर वर्षा-दोन वर्षांतच, दुपारी मी शाळेच्या फाटकाशी उभी राहून त्याला मराठीत हाक मारली की तो आधी इकडेतिकडे पाही आणि जवळ येऊन म्हणे, “आई, इथे हळू बोल ना.” यात त्याचा अपराध काहीच नव्हता. गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू या भाषांची सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेत सोय आहे, मराठीची नाही. ज्या विषयाचा दाखला मिळत नाही त्यासाठी मुलाने रविवारची सकाळ का खर्ची घालावी, या प्रश्नाला माझ्यापाशी संस्कृतीवरील व्याख्यानाखेरीज उत्तर नव्हते, आणि व्याख्यानाने कोणाचे मूल कधी वळले आहे?

अशा काळात आपल्या हलगीवाल्या दादांनी पथकाचा संकल्प सोडला. त्यांचे नाव मी घेत नाही. त्यांना ते रुचत नाही आणि आपल्याला त्याची गरज नाही. अशी माणसे शतकातून एखादीच निपजतात असे मी म्हटले तर तरुण सभासद हसतील, खुशाल हसोत. सांगलीहून परतताना त्यांनी दोन डझन लेझिमी सामानातून आणल्या, विमानतळावरील अंमलदाराने ही लोखंडी साखळ्यांची काय भानगड म्हणून हटकले, तेव्हा दादांनी पेटी उघडून त्याच्यासमोर तिथल्या तिथे ‘चार आवाज’ करून दाखवले आणि रांगेतल्या टाळ्या घेऊन बाहेर पडले, ही कथा आता दंतकथा झाली आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुले १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिके करून आली, हे ते प्रत्येक नव्या मुलाला सांगतात आणि दरवेळी पहिल्यांदाच सांगितल्याच्या उत्साहाने सांगतात. आणि आपल्या खजिनदार वहिनी! इथल्या ओल्या हवेने चकत्यांना गंज चढतो म्हणून हिवाळाभर गॅरेजमध्ये बसून एकेक चकती घासूनपुसून तेल लावणारी ही बाई नसती तर आज आपल्याकडे वाजणारी एकही लेझीम नसती. सभागृहाच्या लाकडी जमिनीला ओरखडा पडला तर अनामत जप्त, म्हणून मुलांना रबरी तळव्याचे बूट सक्तीचे करण्याची तजवीजही त्यांचीच.

पथकाला गळती लागते ती दोनदा. दहाव्या-अकराव्या वर्षी ग्रामर शाळांच्या प्रवेशपरीक्षेसाठी मुले एकाएकी नाहीशी होतात, आणि ही परीक्षा नेमकी गणपती-दिवाळीच्या दिवसांत येते; तीतून उरलेली मुले पुन्हा पंधराव्या वर्षी जीसीएसईच्या नावाने जातात. या गळतीबद्दल कार्यकारिणीत कितीही सुस्कारे टाकले तरी मुलांना काढून घेणारे हात आपलेच असतात. थोरल्याला आम्ही दहाव्या वर्षी पथकातून काढून शिकवणीला घातले. ग्रामर शाळेत प्रवेश मिळाला नाही, आणि लेझीम मात्र सुटली ती सुटलीच.

आता ज्या दिवसासाठी मी ही लेखणी उचलली त्याकडे वळते. २०१२ चा उन्हाळा होता. राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली म्हणून सारा देश उत्सवात होता, आणि जूनचा पाऊस असा की मेढ्याचीच आठवण यावी. थेम्सवरचा तो नौकांचा शाही सोहळादेखील पावसात चिंब भिजला होता. मुलांच्या शाळेच्या उन्हाळी जत्रेत आपल्या पथकाला बोलावणे आले. धाकटी पथकात होती. पंधरा वर्षांचा थोरला, आपला आणि या प्रकाराचा काही संबंध नाही असा चेहरा करून, मित्रांसह निखाऱ्यांच्या शेगडीवर सॉसेज भाजण्याच्या कामगिरीवर उभा होता.

आमच्या आधी मॉरिस नृत्य झाले. पांढरे कपडे, पोटऱ्यांवर बांधलेले घुंगरू, हातात काठ्या, आणि बाजूला बाजाच्या भात्यासारखे वाद्य ताणीत उभा असलेला एक वृद्ध वादक. काठ्या एकमेकींवर आपटत, घुंगरू खणकत, ते सहा-आठ गृहस्थ ओल्या हिरवळीवर अशा निष्ठेने उड्या मारीत होते की त्यांच्या पोटांकडे पाहून हसणारी मुलेही थोड्या वेळाने गप्प झाली. त्यातला एक जण नंतर आमच्याकडे आला, लेझीम हाती घेऊन त्याने दोनदा खणकावली आणि आमच्या मुलांकडे पाहत म्हणाला की, तुमच्याकडे पोरे आहेत. आमच्यात सर्वांत धाकटा मी, आणि मी छप्पन्न वर्षांचा. घरी येऊन मी चौकशी केली तेव्हा कळले की, नवी मुले येत नाहीत तर वीस वर्षांत हा नाच संपेल, असा इशारा मॉरिस रिंग या त्यांच्या संघटनेने २००९ मध्येच दिला होता. ज्या देशात राहून आपली मुले इंग्रजाळतात म्हणून आपण हळहळतो, त्या देशाची मुले इंग्रजांच्याही हाती लागत नाहीत, हे वाचून मला दुष्ट म्हणावे असे समाधान वाटले. ते फार वेळ टिकले नाही.

आमची पाळी आली तेव्हा हलगी बोलेना. दमट हवेने कातडे सैल पडले होते आणि दादांनी टिपरी मारली की कडाडण्याऐवजी भद्द असा आवाज येई. दादांनी मैदानावर नजर फिरवली आणि सरळ शेगडी गाठली. आपल्याकडे हलगी शेकोटीवर तापवतात, हे त्यांना ठाऊक. तिथे सॉसेज भाजत होते, याची त्यांना फिकीर नव्हती. (हलगी शेवटी चामड्याचीच, तिला सोवळे ते कसले?) त्यांनी ती थोरल्याच्या हातात दिली, “फिरवत राहा, एका जागी धरू नकोस, करपेल,” म्हणाले, आणि मुलांच्या ओळी लावायला निघून गेले. मित्रांचा गराडा पडला. हे काय आहे, कशाचे आहे, का तापवायचे, या प्रश्नांना तो उत्तरे देत होता, आणि मी दुरून पाहत होते की, तो हळू बोलत नव्हता. मधूनमधून बोटांनी टिचकी मारून तो आवाज पाही, पुन्हा आचेवर धरी. शेवटी हलगी टणत्कारली तेव्हा शेगडीभोवतीच्या पोरांनीच आरोळी ठोकली.

मग लेझीम झाली. रिमझिम चालू होती, गवत निसरडे होते, ‘आगे फलांग’ला दोन मुली पडल्या आणि उठून पुन्हा ओळीत शिरल्या, दादांनी त्या दोघींकडे पाहत लय क्षणभर रोखली, त्या सावरल्याबरोबर पुन्हा चढवली, आणि अखेरच्या आवर्तनाला चोवीस लेझिमी अशा एका ठोक्यात वाजल्या की माझ्या सरांनी पुन्हा पहिल्यापासून करायला सांगितले नसते. थोरला काही धावत येऊन ओळीत उभा राहिला नाही; असे चित्रपटात होते. पण पुढच्या रविवारी तो तालमीला आला आणि दादांना म्हणाला, लेझीम नको, हे शिकवा.

धाकटीचे प्रकरण निराळे. २६ जानेवारी २०१४ रोजी सांगलीत ७,३३८ जणांनी एकत्र लेझीम केली आणि तिची नोंद गिनीज बुकात झाली, हे तिला कळल्यापासून तिने वर्गात लेझमीची फुशारकी मारायला आरंभ केला. त्याच सुमारास ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्काराच्या शारीरिक विभागात तिने लेझीम नोंदवली, आणि दादांनी प्रशिक्षक म्हणून तिच्या अहवालावर झोकात सही केली. माझ्या इतक्या वर्षांच्या उपदेशाने जे घडले नाही ते एका रकान्याने घडवले. मला याचा राग यायला हवा होता, आला नाही. मुलांच्या शाळेच्या जगात ज्याला मोल आहे त्या नाण्यात आपली कला मोडून दिली तर ती घेतात, आणि एकदा घेतल्यावर तिचे पुढे काय करायचे ते ठरवण्याचा अखत्यार त्यांचा.

तडजोडींविषयी आपल्या सभांत पुष्कळ रणे माजतात. मुले आवर्तने ‘वन टू थ्री फोर’ असे मोजतात, मोजू देत. विसर्जनाची मिरवणूक तिथीऐवजी रविवारी निघते, निघू दे. २०१६ साली ‘सैराट’ आल्यापासून ‘झिंगाट’विना कार्यक्रम होत नाही, यावरही मी आता वाद घालत नाही. परंतु गेली काही वर्षे हलगीच्या जागी ध्वनिमुद्रित ठेका लावून लेझीम करण्याची जी सोय निघाली आहे तिला माझा विरोध आहे, आणि तो केवळ जुन्या बाईचा हट्ट म्हणून सोडून देऊ नये. हलगीवाला सर्वांत कच्च्या मुलाकडे पाहून वाजवतो. तो अडखळला तर थांबतो, सावरला तर पळवतो. ध्वनिमुद्रण कोणासाठी थांबत नाही. म्हणून कच्ची मुले मागे पडतात, मागे पडली की लाजतात, आणि लाजली की येत नाहीत. आपली अलीकडची गळती सारीच परीक्षांच्या माथी मारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या मॉरिसवाल्यांकडे पाहा: माणसे सहा-आठच उरली होती, तरी वादक त्यांनी सोबत आणला होता.

दादांनी आता सत्तरी ओलांडली. थोरला ग्लासगोला नोकरीस आहे. गणपतीला आला तर वाजवतो, रजा मिळाली नाही तर येत नाही. धाकटी मँचेस्टरला असते, तिथे तिने पथक शोधले नाही, आणि मी विचारले की विषय बदलते. म्हणजे माझ्या घरचा हिशेब मांडला तर शिल्लक अर्धीच आहे, आणि बहुतेक घरांत याहून वेगळे नाही.

येत्या वार्षिक सभेपुढे नव्या ध्वनिवर्धक संचाच्या खरेदीचा प्रस्ताव आहे. त्या रकमेच्या एका हिश्श्यात साताऱ्याहून चार हलग्या येतील, आणि उरलेल्या पैशांत दादांकडून दहा-बारा वर्षांची मुले शिकवून घेता येतील. सभागृहात निखारे पेटवू देत नाहीत, ही अडचण खरी. दादा हल्ली केस वाळवायच्या यंत्राने कातडे तापवतात आणि कपाळाला आठ्या घालतात. कृत्रिम पडद्याच्या हलग्या मिळतात, त्यांना आच लागत नाही. आवाज थोडा कोरडा आहे, शुद्धतावादी नाक मुरडतील, तरी मी या हलग्यांच्या बाजूने मत देईन. उपसूचना मी लेखी दिली आहे. अनुमोदक अद्याप मिळालेला नाही.