गठ्ठा बांधण्याआधी सामान निवडा

आपण सीताबर्डीत बसलो आहोत, तेव्हा उदाहरणही बर्डीचंच घेऊ. मेन रोडवरच्या कापड दुकानाला गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर बिल पाठवायचं आहे. त्यासाठी चोवीस तास सर्व्हर भाड्याने घ्यायची गरज नाही. जावास्क्रिप्टमध्ये एक फंक्शन लिहायचं आणि क्लाउडवर ठेवायचं. काम आलं की ते चालतं, पैसे चालल्या वेळेचे. ॲमेझॉनने २०१४ मध्ये लॅम्डा जाहीर केली, तेव्हापासून ही 'सर्व्हरलेस' पद्धत रुजली.

यातली अडचण म्हणजे कोल्ड स्टार्ट. फंक्शन काही वेळ पडून राहिलं की पुढच्या कामाला नव्याने सुरुवात: कोड उतरवा, नोड सुरू करा, मागितलेली प्रत्येक फाइल शोधा, वाचा, चालवा. काही जण म्हणतात, सर्व्हर मुंबईत, म्हणून उशीर. पण नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा; तेवढं अंतर फायबरमधला प्रकाश साधारण साडेतीन मिलिसेकंदांत कापतो. कोल्ड स्टार्टला शेकडो मिलिसेकंद लागू शकतात. मग दोष रस्त्याला कसा द्यायचा? आधी सामानाचं वजन बघा ना.

यावर ठरलेला सल्ला असा, की बंडलर लावा. वेबपॅक, रोलअप, आणि २०२० मध्ये आलेलं इव्हान वॉलेस यांचं ईएसबिल्ड ही त्यातली मोठी नावं. हजारो फाइलींची एक फाइल होते, शोधाशोध वाचते. हा गुण आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. आमची तक्रार त्या सल्ल्याच्या आंधळ्या वापराबद्दल आहे.

पहिली गोष्ट, 'ट्री शेकिंग'. म्हणजे न वापरलेला कोड झटकून टाकणं. ते नीट जमतं 'इम्पोर्ट-एक्स्पोर्ट'च्या पद्धतीत, कारण कोण काय घेतं हे कोड न चालवताच कळतं. जुन्या 'रिक्वायर'मध्ये हे पुष्कळदा कळत नाही, मग बंडलर सगळंच ठेवून घेतो. मोमेंट ही तारखांची लायब्ररी बघा. बिलावर मराठी तारीख हवी म्हणून ती घेतली, तर वेबपॅक नेहमीच्या मांडणीत तिच्यासोबत इतर सगळ्या भाषांच्या फाइलीही बांधतो. खरं तर नोडच्या १३व्या आवृत्तीपासून मराठी तारखा 'इंटल'मध्ये आयत्या मिळतात. म्हणजे इथे लायब्ररीच नको होती. पण हा निर्णय बंडलर घेत नाही, तो माणसाने घ्यायचा असतो.

दुसरी गोष्ट, मिनिफाय. ब्राउझरमध्ये त्याला मोल आहे, कारण प्रत्येक बाइट गिऱ्हाइकाच्या मोबाइल डेटावरून जातो. सर्व्हरवरचा कोड क्लाउडमध्येच राहतो, त्यामुळे फायदा तुलनेने थोडा. उलट चूक झाली की लॉगमध्ये येतं 'ओळ १, अक्षर अमुक लाख'. सोर्स मॅप जपला नसेल, तर रात्री बिल अडल्यावर शोधायचं कुठे, सांगा बरं?

तिसरी गोष्ट, सगळ्या फंक्शनांचा एकच गठ्ठा. बिल, साठा आणि महिन्याचा अहवाल एकत्र बांधले, आणि पीडीएफची लायब्ररी कोडच्या सुरुवातीलाच मागवली, तर साधा साठा बघतानाही ती उघडते. प्रत्येक फंक्शनचा गठ्ठा वेगळा करा, जड वस्तू लागेल तेव्हाच मागवा.

लॅम्डावर उघडलेल्या पॅकेजची मर्यादा २५० एमबी आहे. ती ओलांडली नाही म्हणजे काम चांगलं झालं, असं समजणारे पुष्कळ आहेत. झिपने चढवलेल्या नेहमीच्या फंक्शनांना सुरुवातीचा हा वेळ बहुधा फुकट मिळायचा, म्हणून ही ढिलाई चालून गेली. १ ऑगस्ट २०२५ पासून त्या वेळेचेही पैसे लागतात. म्हणजे आपल्या आळसाची किंमत आता दुकानदार भरतो, आणि काउंटरपुढचं गिऱ्हाईक खोळंबतं ते वेगळंच.

तेव्हा क्रम बदलूया. आधी लॉगमधला 'इनिट ड्युरेशन' बघा. मग ईएसबिल्डची मेटाफाइल काढून कोणतं पॅकेज किती जागा खातं ते तपासा, नको ते काढा. बंडलर त्यानंतर. गठ्ठा घट्ट बांधणं यंत्राला जमतं. त्यात काय भरायचं, ते आपणच ठरवायचं आहे.