‘मायोर्कातील हिवाळा’: एक निंदाग्रंथ आणि त्यातून उभे राहिलेले पर्यटनस्थळ

भूमध्य समुद्रातील मायोर्का बेटावर, वाल्देमोसा या डोंगरी गावात, कार्थुसियन संन्याशांचा एक जुना मठ आहे. हा मठ पाहावयास येणाऱ्या प्रवाशाला तेथील दुकानांतून एक पुस्तक हटकून विकत मिळते. अनेक युरोपीय भाषांतील त्याची भाषांतरे शेजारी शेजारी मांडून ठेवलेली असतात. हे पुस्तक म्हणजे फ्रेंच कादंबरीकर्त्री जॉर्ज सँड हिचे ‘मायोर्कातील हिवाळा’. ज्या बेटावर ते विकले जाते त्या बेटाच्या रहिवाशांची इतकी कठोर निर्भर्त्सना दुसऱ्या कोणत्याही प्रसिद्ध ग्रंथात क्वचितच सापडेल. निंदेचा ग्रंथ निंदितांच्याच अंगणात स्मरणवस्तू म्हणून खपावा, हा विरोधाभास केवळ गमतीचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराचे मूल्यमापन कोणत्या निकषावर करावे, हा प्रश्न त्यात दडलेला आहे. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम ग्रंथामागील घटना थोडक्यात पाहू. सँड (१८०४–१८७६) आपली दोन मुले, मोरीस आणि सोलांज, तसेच संगीतरचनाकार फ्रेदेरिक शोपँ यांच्यासह नोव्हेंबर १८३८ मध्ये पाल्मा येथे उतरली. शोपँची प्रकृती नाजूक होती आणि उबदार हवेत त्याला आराम पडेल अशी अपेक्षा होती. पाल्मा शहरात राहावयास जागा मिळेना. स्पेनच्या मुख्य भूमीवर कार्लिस्ट युद्ध चालू होते आणि तेथून परागंदा झालेल्या लोकांनी बेट भरून गेले होते. शेवटी शहराबाहेर ‘सोन व्हेंत’ नावाचे घर भाड्याने मिळाले. पावसाळा सुरू होताच ते घर ओलाव्याने भरले, शोपँचा खोकला बळावला, आणि त्याला क्षय झाल्याचे समजताच घरमालकाने त्यांना घर सोडावयास लावले. डिसेंबरच्या मध्यास हे कुटुंब वाल्देमोसाच्या मठात राहावयास गेले. १८३५ मध्ये स्पेनच्या सरकारने मठांचे विसर्जन करून त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली होती आणि रिकाम्या झालेल्या कुटी भाड्याने मिळू शकत होत्या. तेथे सुमारे दोन महिने काढून, फेब्रुवारी १८३९ मध्ये, डुकरांची वाहतूक करणाऱ्या जहाजातून या मंडळींनी बेट सोडले. एकंदर मुक्काम चौदा आठवड्यांचा होता. वृत्तांत १८४१ मध्ये एका फ्रेंच नियतकालिकातून क्रमशः आला आणि १८४२ मध्ये ग्रंथरूप झाला.

ग्रंथाची रचना पाहता त्यात दोन स्वर स्पष्टपणे वेगळे करता येतात. एक स्वर भूमीच्या स्तुतीचा आहे. डोंगरउतारावरील ऑलिव्हची शतकानुशतके वाकलेली झाडे, समुद्रापर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी शेते, वादळी रात्री मठाच्या ओवऱ्यांतून फिरणारा वारा यांचे वर्णन करताना सँडची लेखणी खरोखर समर्थ होते. दुसरा स्वर माणसांच्या निंदेचा आहे. बेटवासी आळशी, लोभी, अंधश्रद्ध आणि चोरटे आहेत, असा आरोप ती पुनःपुन्हा करते, आणि त्यांची तुलना माकडांशी करावयासही कचरत नाही. डुकरांच्या व्यापारामुळेच बेटाला आगबोट मिळाली, हा अर्थशास्त्रीयदृष्ट्या मार्मिक मुद्दाही तिच्या हाती केवळ उपहासाचे साधन बनतो.

या दोन स्वरांचा परस्परसंबंध काय? भूमी सुंदर आहे आणि माणसे तिला पात्र नाहीत, असे ग्रंथाचे अनुक्त सूत्र आहे. परंतु ज्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांचे ती कौतुक करते, ती शेते निसर्गाने घडविलेली नाहीत. चुन्याविना दगडावर दगड रचून बांध घालणारे आणि अरबी अमदानीपासून चालत आलेले पाटपाणी सांभाळणारे हात त्याच ‘आळशी’ शेतकऱ्यांचे व त्यांच्या पूर्वजांचे होते. २०११ मध्ये युनेस्कोने या त्रामुंताना पर्वतराजीचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत केला तो ‘सांस्कृतिक भूदृश्य’ म्हणून, म्हणजे मानवी श्रमाने घडलेली भूमी म्हणून. सँडला दृश्य दिसले, पण दृश्यातील श्रम दिसला नाही. ग्रंथाचा हा केवळ नैतिक दोष नव्हे. तो अवलोकनाचा, आणि म्हणून वाङ्मयीन, दोष आहे.

याला काही अपवाद आहेत आणि ते अर्थपूर्ण आहेत. बार्सेलोनाहून येताना रात्री सुकाणूवरचा खलाशी झोप लागू नये म्हणून हलक्या आवाजात गात असतो. त्या गाण्याचे सँडने केलेले वर्णन अत्यंत हृद्य आहे. त्या स्वरांत तिला समुद्राची लय आणि अरबी गायकीचा अंश जाणवतो. गावकऱ्यांच्या नृत्यगीतांविषयीही ती अशाच लक्षपूर्वकतेने लिहिते. जेथे ती ऐकते तेथे ती न्याय करते. जेथे ती पाहून निवाडा देते तेथे तिचा तोल जातो. बेटाची कॅटलान बोली तिला येत नव्हती. शब्द कळत नसताना सूर मात्र कळत होते, आणि जेवढे कळले तेवढ्याविषयी तिने चांगले लिहिले. प्रवासवर्णनाच्या अभ्यासकाने हा धडा लक्षात ठेवावा असा आहे.

सँडच्या बाजूनेही काही सांगणे आवश्यक आहे. रुग्णशुश्रूषा, मुलांचे शिक्षण, स्वयंपाकाची देखरेख आणि रात्रीचे लेखन असा चौपदरी भार तिच्यावर होता. ‘स्पिरिदियों’ ही कादंबरी तिने याच मठात पुरी केली. शोपँने आपल्या ‘प्रेल्यूद’ रचनांवरील काम येथेच पूर्ण केले. पुरुषी पोशाख करणारी, धूम्रपान करणारी, रविवारी प्रार्थनेला न जाणारी स्त्री गावकऱ्यांच्या रोषाला पात्र झाली आणि त्या रोषाची किंमत तिला भाजी, दूध, अंडी यांच्या चढ्या दरांतून मोजावी लागली. तिचा संताप निराधार नव्हता. परंतु संतापाचे कारण खरे असणे आणि संतापातून काढलेला निष्कर्ष खरा असणे या दोन भिन्न गोष्टी होत.

ही भिन्नता क्षयाच्या प्रकरणात सर्वांत ठळकपणे दिसते. क्षय संसर्गजन्य आहे अशी स्पेनमधील वैद्यांची व सामान्य जनांची समजूत होती. रुग्णाचे अंथरूण जाळावे, खोलीला चुना लावावा आणि त्याचा खर्च भाडेकऱ्याने द्यावा, असा तेथील रिवाज होता. फ्रान्समधील सुशिक्षितांना ही समजूत मागासलेली वाटे, आणि सँडने तिचे चित्रण क्रौर्य व अज्ञान यांचा संगम म्हणून केले आहे. पुढे १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख याने क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला आणि ‘अडाणी’ बेटवासीयांची भीती साधार होती हे सिद्ध झाले. त्यांच्या वागण्यातील कठोरपणा यामुळे नाहीसा होत नाही. पण सुसंस्कृत पाहुणी विरुद्ध असंस्कृत यजमान ही ग्रंथाची मूळ मांडणी मात्र कोसळते. लेखकाची प्रामाणिक अनुभूती आणि वस्तुस्थिती यांत किती अंतर पडू शकते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

बेटवासीयांनी उत्तर दिले नाही असे नाही. १८४१ मध्येच होसे मारिया क्वाद्रादो या ऐन विशीतील मायोर्की लेखकाने ‘ला पाल्मा’ या नियतकालिकात सँडचे खंडन प्रसिद्ध केले. त्यात तथ्यांची दुरुस्ती आहे. परंतु लेखाचा शेवट सँडच्या चारित्र्यावरील हल्ल्यात होतो आणि तेथे खंडनाचे बळ ओसरते. शिवाय सँड पॅरिसमध्ये, साऱ्या युरोपच्या भाषेत लिहीत होती. क्वाद्रादोचा आवाज त्यामानाने फार लहान वर्तुळात राहिला. इंग्रजी कवी रॉबर्ट ग्रेव्ह्ज याने १९५६ मध्ये सँडच्या ग्रंथाचे भाषांतर केले, त्याला तिच्या विधानांचा प्रतिवाद करणाऱ्या टीपा जोडल्या आणि क्वाद्रादोचे खंडनही त्याच खंडात छापले. आरोप आणि प्रत्युत्तर एकाच बांधणीत वाचकासमोर ठेवण्याची ही संपादकीय कृती मोलाची आहे. तरी हेही नमूद केले पाहिजे, की बेटवासीयांची बाजू जगापर्यंत पोचावयास शंभराहून अधिक वर्षे आणि आणखी एक परदेशी लेखक लागला.

येथे एका वेगळ्या पाहुण्याचे स्मरण होते. ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक लुडविग साल्व्हाटोर १८६७ मध्ये प्रथम या बेटावर आला आणि तेथेच रमला. बॅलिआरिक बेटांवरील त्याचा बहुखंडी ग्रंथ १८६९ ते १८९१ या काळात निघाला. पिके, अवजारे, घरे, बोली, सण यांची नोंद त्याने रहिवाशांना विचारून केली. त्याने मायोर्की लोककथाही संग्रहित केल्या. आपल्या जमिनीवर त्याने एक पांथशाळा चालविली. तेथे कोणाही वाटसरूला तीन दिवस विनामूल्य राहता येई. वाङ्मयीन गुणांत हा ग्रंथ सँडच्या पासंगालाही लागणार नाही. पण बेटाविषयी काही जाणून घ्यावयाचे तर अभ्यासकाला याच ग्रंथाकडे वळावे लागते. लोकप्रिय मात्र सँडचाच ग्रंथ झाला.

असे का व्हावे? सँडच्या निंदेनंतरही पर्यटन वाढले, असे सामान्यतः म्हटले जाते. माझ्या मते तिच्या ग्रंथाच्या घडणीमुळेच ते त्याला पचविता आले. भूमी घ्यावी आणि माणसे वगळावी, हे तिच्या वर्णनाचे सूत्र सुखवस्तू सुट्टीचेही सूत्र आहे. डोंगर, समुद्र, एकांत, आणि त्यावर एका प्रतिभावंताच्या आजारपणाची व प्रेमाची करुण छाया एवढे पुरेसे असते. गावकरी पार्श्वभूमीत अथवा सेवेत असले म्हणजे झाले. पर्यटनसंवर्धनासाठी मायोर्कात १९०५ मध्येच संस्था स्थापन झाली. १९२९ मध्ये फोर्मेन्तोरच्या भूशिरावर आलिशान हॉटेल उघडले. मीकेल कोस्ता इ ल्योबेरा या मायोर्की कवीने ज्या पाइन वृक्षावर कॅटलान भाषेतील एक विख्यात कविता लिहिली तो याच भूमीवरचा. पण परदेशी पाहुण्यांना कवी ठाऊक नव्हता, दृश्य ठाऊक होते. पुढे १९६१ मध्ये याच हॉटेलात भरलेल्या प्रकाशकांच्या मेळाव्यात बोर्हेस आणि बेकेट यांना आंतरराष्ट्रीय पारितोषिक विभागून देण्यात आले. साहित्याने स्थळाला आणि स्थळाने साहित्याला प्रतिष्ठा द्यावी, असा हा व्यवहार होता. बेटाच्या स्वतःच्या साहित्याला त्यात फारसे स्थान नव्हते. पाल्माच्या जुन्या सरदारवर्गाचा आणि परदेशी वसाहतीचा एकाच वेळी उपहास करणारी ल्योरेन्स व्हिल्यालोंगा याची ‘मोर्त दे दामा’ (१९३१) ही कादंबरी वाल्देमोसाच्या वाटेवरील किती प्रवाशांनी वाचली असेल?

मठातील कुटींचा वाद तर या प्रक्रियेचे टोकच होय. शोपँ नेमका कोणत्या कुटीत राहिला, याबद्दल दोन शेजारी कुटींच्या मालकांत दीर्घकाळ तंटा चालला. २०११ मध्ये पाल्मा येथील न्यायालयाचा निर्णय आला आणि त्यांपैकी एका कुटीत शोपँचा म्हणून दाखविला जाणारा पियानो त्याच्या मुक्कामानंतर बनविलेला ठरला. विशेष म्हणजे आपल्या ग्रंथात सँडने शोपँचे नावही घेतलेले नाही. तो केवळ ‘आमचा रुग्ण’ आहे. ज्याचे नाव ग्रंथात नाही त्याच्या नावावर मठ पाहिला जातो. त्याच गावात जन्मलेल्या संत कातालिना तोमास (१५३१–१५७४) हिच्या जीवनातील प्रसंग दाखविणाऱ्या फरश्या गावकऱ्यांनी आपापल्या दारांशी बसविल्या आहेत. प्रवासी त्यांचे छायाचित्र घेतो. त्या दारांमागील श्रद्धेचा इतिहास त्याच्या प्रवासात बहुधा बसत नाही.

पाहुणे आणि रहिवासी यांच्यातील हा असमतोल आता केवळ वाङ्मयीन राहिलेला नाही. २०२४ मध्ये बॅलिआरिक बेटांवर १ कोटी ८० लाखांहून अधिक पर्यटक आले. त्याच वर्षी पाल्माच्या रस्त्यांवर हजारो रहिवाशांनी मोर्चे काढले. घरांची भाडी परवडत नाहीत आणि आपल्याच बेटावर आपल्याला राहावयास जागा उरत नाही, ही त्यांची तक्रार होती. १८३८ मध्ये सँडला पाल्मात घर मिळाले नव्हते. आज तीच अडचण पाल्मात जन्मलेल्यांची आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मराठी समीक्षेत प्रवासवर्णनाचा विचार करताना लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाचा आविष्कार हा निकष प्रमुख मानण्याची प्रथा आहे. स्थळांची जंत्री नको, लेखकाचे मन हवे, ही अपेक्षा रास्तच आहे. पण हा एकच निकष लावला तर ‘मायोर्कातील हिवाळा’ हा आदर्श ग्रंथ ठरेल, कारण व्यक्तिमत्त्व त्यात ओतप्रोत आहे. आत्माविष्काराच्या जोडीला आणखी एक कसोटी हवी: ज्यांच्याविषयी लिहिले आहे ती माणसे त्या लेखनात केवळ दृश्य म्हणून येतात, की बोलणारी, विचार करणारी, लेखकाला चूक ठरवू शकणारी म्हणून येतात? विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ या कसोटीला उतरतो. दक्षिणेच्या आशेने निघालेला तो गरीब ब्राह्मण पावलोपावली इतरांच्या आश्रयावर अवलंबून होता. म्हणून त्याच्या वृत्तांतात माणसे आहेत, त्यांचे बोलणे आहे, त्यांचे शहाणपणही आहे. अवलंबन सँडच्याही वाट्याला आले होते, पण तिने त्याचा अपमान मानला.

सँडच्या ग्रंथाच्या अखेरीस एक विलक्षण कबुली आहे. मनुष्य झाडांत, दगडांत, निर्मळ आकाशात जगण्यासाठी जन्मलेला नाही, त्याला माणसांचीच संगत लागते, अशा आशयाचा निष्कर्ष ती काढते. हा निष्कर्ष तिने एकांतवासाच्या मोहाविरुद्ध काढला आहे. परंतु तो तिच्या ग्रंथालाच लागू पडतो. दोनशे पाने झाडे, दगड आणि आकाश यांना देऊन, माणसांना मात्र दाराबाहेर ठेवणाऱ्या लेखिकेने स्वतःविरुद्ध दिलेली ती साक्ष आहे. ग्रंथाचे वाचन या अखेरच्या पानापासून उलट दिशेने करावे, अशी सूचना येथे करावीशी वाटते. तसे केल्यास तिच्या वर्णनांचे सौंदर्य कमी होत नाही, आणि त्यातून काय वगळले गेले तेही वाचकाला दिसू लागते.