आलेखावरील शब्द : लासलगावच्या कांदा भावाच्या संदर्भात

सांख्यिकीय संशोधनात आलेखाचे स्थान सर्वमान्य आहे. मात्र आलेखावर लिहिल्या जाणाऱ्या शब्दांकडे बहुधा सजावट म्हणूनच पाहिले जाते. वस्तुतः कोणत्या बिंदूला नाव द्यावे आणि कोणता अनामिक ठेवावा, हा निर्णय म्हणजे संशोधकाने केलेले भाष्यच होय. लासलगाव कृषी उत्पन्न बाजार समितीतील कांद्याच्या भावाचा आलेख या दृष्टीने तपासण्यासारखा आहे.

ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० च्या दशकात विकसित केलेली 'आर' ही भाषा विनामूल्य असल्याने महाविद्यालयीन संशोधनास सोयीची आहे. तिच्यातील 'टेक्स्ट' ही आज्ञा दिलेल्या आडव्या व उभ्या निर्देशांकांवर मजकूर लिहिते. 'पॉस' या घटकाचे मूल्य १ दिल्यास मजकूर बिंदूच्या खाली, २ दिल्यास डावीकडे, ३ दिल्यास वर आणि ४ दिल्यास उजवीकडे येतो. तंत्र एवढेच आहे. कठीण आहे तो मजकुराचा निर्णय.

केंद्र शासनाने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांदा निर्यातीवर बंदी घातली व त्यानंतर भाव उतरले. आलेखावर त्या ठिकाणी 'निर्यातबंदी' असा शब्द लिहिला की घसरणीचे कारण सिद्ध झाल्याचा भास निर्माण होतो. परंतु डिसेंबर हा नव्या लाल कांद्याची आवक वाढण्याचाही काळ असतो. दोन्ही कारणे कागदाच्या एकाच जागेवर हक्क सांगतात आणि येथेच संगणकाचा हस्तक्षेप सुरू होतो. 'जीजीप्लॉट२' मध्ये शब्दांची गर्दी टाळण्यासाठी 'चेक ओव्हरलॅप' ही सोय वापरली, तर आधी लिहिलेला शब्द राहतो आणि त्यावर येणारा नंतरचा शब्द गाळला जातो. म्हणजे कोणते कारण वाचकास दिसेल, हे तक्त्यातील ओळींच्या क्रमावर ठरते! ऑगस्ट २०२३ मधील ४० टक्के निर्यातशुल्काची नोंद टिकावी आणि डिसेंबरच्या बंदीची नाहीशी व्हावी, असेही घडू शकते. 'जीजीरिपेल' हे साधन शब्द परस्परांपासून दूर सारून बिंदूपर्यंत रेषा ओढते, ही निश्चितच अधिक न्याय्य पद्धत आहे. तथापि गर्दी फार झाल्यास तेही काही शब्द वगळते. तेथे निदान सूचना मिळते. ती वाचली जाते का, हा प्रश्न वेगळा.

दुसरा आक्षेप सरासरी भावाविषयी आहे. लाल व उन्हाळ कांदा एकाच रेषेत गुंफून तिला केवळ 'कांदा' म्हणणे दिशाभूल करणारे आहे. उन्हाळ कांदा चाळीत साठवता येतो, लाल कांदा फार काळ टिकत नाही. त्यामुळे विक्री लांबवण्याची शेतकऱ्याची ताकद दोहोंत सारखी नसते. रेषांच्या टोकाशी त्यांची नावे लिहिल्यास हा भेद स्पष्ट होतो. रंगांची सूची कोपऱ्यात देण्याची रूढी काळ्यापांढऱ्या छपाईत निरुपयोगी ठरते, हेही येथे नोंदवावयास हवे.

मराठी लेखातही आलेखावर इंग्रजी शब्द का येतात, याचे एक कारण तांत्रिक आहे. 'आर'च्या नेहमीच्या पीडीएफ निर्मितीत देवनागरी अक्षरांच्या जागी ठिपके उमटतात. 'शोटेक्स्ट' वापरल्यास अक्षरे दिसतात, पण जोडली जात नाहीत : 'निर्यातबंदी' मधील पहिली वेलांटी 'न'च्या पुढे सरकते आणि रफार सुटून 'र'चा पाय मोडलेला दिसतो. 'कैरो पीडीएफ' किंवा 'रॅग' या मार्गांनी, योग्य देवनागरी टंक निवडल्यास, हा शब्द शुद्ध छापला जातो. तेव्हा लासलगावच्या बाजारात बोलला जाणारा 'उन्हाळ' हा शब्द आलेखावर 'समर ओनियन' म्हणून छापण्यास आता तांत्रिक सबब उरलेली नाही.