पंचाऐंशी गाठी, एक गळा

केंब्रिजच्या थॉमस फिंक आणि याँग माओ या शास्त्रज्ञांनी १९९९ साली गणित मांडून टाय बांधायच्या ८५ तऱ्हा काढल्या नि त्यावर पुस्तकही लिहिलं. उत्तम गाठ कोणती? दोन्हीकडून सारखी, तोल साधणारी. तोल म्हटलं की आम्हा बँकवाल्यांना भरूनच येतं! पण या हिशेबात सदऱ्याचं खातंच नाही. माझा एकुलता एक टाय पट्ट्यापट्ट्यांचा. रेघांच्या सदऱ्यावर घातला की मी झेब्रा क्रॉसिंग दिसतो. मुलाखतीच्या दिवशी शेजारच्या काकांनी मारून दिलेली त्याची गाठ मी अजून सोडलेली नाही. सैल करून खिळ्याला अडकवतो. परवा चिरंजीवांची मुलाखत. पुस्तक उघडून तासभर दोघांनी घाम गाळला. शेवटी खिळ्यावरचाच टाय त्यांच्या गळ्यात घातला. सदरा हिने काढून दिला, पांढरा.