पट्ट्यांवर चालणारा यंत्रमानव : संच चांगला, पण शिकवतो काय?

यंत्रमानव बनवण्याचे संच आता शाळांना नवे राहिलेले नाहीत. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून 'अटल टिंकरिंग लॅब'साठी शाळांना वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून पूर्वी विज्ञानाच्या कपाटात तरफा आणि लोलक असत, तिथे मोटारी, संवेदक आणि तारांची भेंडोळीही दिसू लागली. या संचांची परीक्षणे मात्र फारशी वाचायला मिळत नाहीत. संचात काय काय आहे हे विक्रेता सांगतोच. त्यातून मूल काय शिकेल, हे कोणीतरी तपासायला हवे. त्यासाठी आम्ही मुद्दाम एक चांगला संच निवडला आहे. वाईट संचावर टीका करणे सोपे असते, आणि त्यातून हाती काही लागत नाही.

हा संच म्हणजे अमेरिकेतील लास वेगास येथील पोलोलू कंपनीचा 'झुमो ३२यू४'. नाव जपानी सुमो कुस्तीवरून आले आहे. छोट्या यंत्रमानवांच्या सुमो स्पर्धेत गाडीची लांबी-रुंदी दहा सेंटीमीटरच्या आत आणि वजन पाचशे ग्रॅमच्या आत लागते. झुमो या मापात बसतो. चाकांऐवजी रणगाड्यासारखे दोन सिलिकोन रबराचे पट्टे, प्रत्येक पट्ट्याला एक छोटी दंतचक्रयुक्त मोटार, पोटात चार पेन्सिल सेल आणि वरच्या पाटीवर एटीमेगा ३२यू४ हा सूक्ष्मनियंत्रक. खालच्या बाजूला रेषा ओळखणारे संवेदक, पुढे-बाजूला अडथळा ओळखणारे अवरक्त संवेदक, आणि पाटीवरच त्वरणमापक, चुंबकत्वमापक व घूर्णदर्शी. सुट्या भागांचा संच घेतला तर थोडे सोल्डरिंग करावे लागते. आज्ञावली, म्हणजे प्रोग्राम, आर्डुइनोच्या परिचित पद्धतीने लिहायची आणि यूएसबी तारेने गाडीत उतरवायची. त्यानंतर गाडी संगणकापासून सुटी होते आणि आपले निर्णय आपण घेते. म्हणून ती स्वायत्त.

संचाचा सर्वांत मोठा गुण बाहेरून दिसत नाही. प्रत्येक मोटारीच्या मागे एक छोटी चुंबकीय तबकडी आणि तिचे फेरे मोजणारा संवेदक आहे. मोटारीच्या एका फेऱ्यात त्याच्या बारा नोंदी होतात. दंतचक्रांचे गुणोत्तर सुमारे ७५.८ असलेली मोटार घेतली, तर पट्टा ओढणाऱ्या चाकाच्या एका फेऱ्यात साधारण ९१० नोंदी. त्या चाकाचा व्यास ३९ मिलिमीटर धरला तर परिघ सुमारे १२२ मिलिमीटर, म्हणजे एका नोंदीला जवळपास ०.१३ मिलिमीटर. भिंतीकडेने एक मीटर अंतर सरळ चालवले तर साडेसात हजारांच्या आसपास नोंदी यायला हव्यात. आठवीच्या मुलाला हे गणित येते, आणि आकडा जुळतो की नाही हे मोजपट्टी सांगते. पट्ट्याच्या जाडीमुळे तो थोडा वेगळा येईल. तो का वेगळा आला, यावर एक अख्खा तास चांगला जाऊ शकतो.

बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या बहुतेक गाड्यांमध्ये नेमकी हीच सोय नसते. दोन पिवळ्या 'बीओ' मोटारी, एक मोटारचालक पाटी, पुढे स्वनातीत ध्वनीने अंतर मोजणारे दोन डोळे. या गाडीला काटकोनात वळवायचे तर मुले 'अर्धा सेकंद वळ' अशी आज्ञा देतात. नव्या सेलवर ती बरोबर वळते. सेल उतरले, मोटारींचा वेग कमी झाला, की तीच आज्ञा तिला साठ-सत्तर अंशांवर थांबवते. मग मुले अर्ध्या सेकंदाचा पाऊण सेकंद करतात. हे डोळे मिटून पावले मोजत चालण्यासारखे आहे. परिणाम मोजून त्यानुसार पुढची कृती बदलणे, म्हणजे प्रत्याभरण, हा स्वयंचलनाचा गाभा आहे. मोजायचे साधनच नसेल तर तो शिकवायचा कसा? संच घेताना कमी संवेदक असलेला घेतला तरी चालेल, पण फेरे मोजणारा संवेदक सोडू नये, असे आमचे मत आहे.

आता तक्रारीकडे वळू. झुमोबरोबर कंपनीने तयार आज्ञावल्यांचा मोठा संग्रह मोकळेपणाने दिला आहे. रेषेवरून चालणे, चक्रव्यूह सोडवणे, चढाकडे तोंड करून उभे राहणे, प्रतिस्पर्ध्याला ढकलणे, इतकेच काय दोन टोकांपैकी एका टोकावर तोल सांभाळणे. यातली कोणतीही आज्ञावली निवडा, गाडीत उतरवा, कळ दाबा. दहा मिनिटांत गाडी काळ्या रेषेवरून धावू लागते, टाळ्या पडतात, छायाचित्र निघते आणि तास संपतो. मुलाने या वेळात केलेले काम धुलाईयंत्राची कळ दाबण्यापेक्षा फार वेगळे नाही.

रेषेवरून चालण्याची आज्ञावली उघडून वाचली तर तिच्यात दोन आकडे दिसतात : १/४ आणि ६. पाच संवेदकांच्या वाचनांची भारित सरासरी काढून रेषेचे स्थान ० ते ४००० या पट्टीवर येते. २००० म्हणजे रेषा बरोबर मध्ये. त्यापासूनचा फरक ही चूक. चुकीचा चौथा भाग, अधिक चूक मागच्या वेळेपेक्षा जितकी बदलली त्याची सहापट, एवढा फरक दोन मोटारींच्या वेगात ठेवायचा. पहिला भाग सांगतो आपण किती बाजूला आहोत. दुसरा सांगतो आपण किती झपाट्याने बाजूला किंवा मध्याकडे जात आहोत. आज्ञावलीत अशीही सूचना आहे, की हे आकडे आपल्या गाडीसाठी करून-पाहून बदला. सूचना अगदी योग्य. पण चालत्या गाडीला कोण हात लावतो?

शिक्षकाने तो लावायला हवा. ६ च्या जागी शून्य घाला आणि गाडी सोडा. ती रेषेच्या दोन्ही बाजूंना झोकांड्या खाऊ लागेल, कारण मध्यावर येताना तिला 'आता आवर' असे सांगणारे कोणी उरलेले नाही. १/४ चे १/१६ करा, वळणावर ती सुस्तपणे बाहेर निघून जाईल. मोजके तीन-चार बदल आणि प्रत्येक वेळी आधी अंदाज लिहून ठेवणे. लोलकाचे अवमंदन, दारावरचा आपोआप दार मिटवणारा दांडा, स्कूटरचे शॉक अॅब्सॉर्बर, हे सगळे याच सहाच्या आकड्यात दडले आहे. संचाची पुस्तिका तंत्रज्ञासाठी लिहिलेली आहे आणि त्या कामी ती उत्तम आहे. पण 'हे बिघडवून पाहा' असे सांगणारे पान वर्गासाठी कोणीतरी जोडले पाहिजे, तेही मराठीत.

पट्ट्यांविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. पट्टे दिसायला रुबाबदार असतात, मुलांना रणगाडा आवडतो, आणि पकड चांगली असते. पण वळताना पट्टा घासल्याशिवाय वळूच शकत नाही. दोन पट्ट्यांमध्ये आठ सेंटीमीटर अंतर आहे असे समजू. एक पट्टा पुढे, दुसरा मागे फिरवून जागच्या जागी काटकोनात वळायचे तर प्रत्येक पट्ट्याने आठ सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळाचा पाव परिघ, म्हणजे सुमारे ६.३ सेंटीमीटर जायला हवे. नोंदी साधारण ४६५. एवढ्या नोंदींवर गाडी थांबवली तर ती काटकोनापर्यंत पोचलेली नसते.

कारण पाहण्यासारखे आहे. गाडी मध्याभोवती वळते तेव्हा पट्ट्याची पुढची व मागची टोके जमिनीवरून आडवी ओढली जातात. या आडव्या घर्षणाला हरवायला जोर लागतो. तो जोर जमिनीकडून मिळण्यासाठी पट्ट्याला लांबीच्या दिशेनेही थोडे घसरावे लागते. घसरलेली लांबी फेरे मोजणारा संवेदक इमानाने मोजतो, गाडी मात्र तेवढी वळलेली नसते. गाडी जणू आहे त्यापेक्षा रुंद असल्यासारखी वागते. ही 'वागण्यातली रुंदी' मुलांनी आलेखकागदावर दहा फेऱ्या घेऊन काढावी. फरशी, पुठ्ठा आणि सतरंजी यांवर ती वेगवेगळी येते का, हेही पाहावे. उत्तर वाटते तितके उघड नाही : घर्षणांक वाढला की अडवणारे बल वाढते, तसे ढकलणारेही वाढते. पुठ्ठ्यावर आणि सतरंजीवर आकडे सारखे आले तरी तो निष्कर्षच आहे, आणि वेगळे आले तर का, ते शोधायचे आहे.

चक्रव्यूहाच्या तयार आज्ञावलीत वळण्यासाठी फेऱ्यांच्या नोंदी वापरलेल्या नाहीत. घूर्णदर्शी वापरला आहे. तो दर सेकंदाला किती अंश वळतो आहोत हे सांगतो, आणि ते वेग वेळेनुसार जोडत गेले की कोन मिळतो. पट्टा घसरला तरी त्याला फसवता येत नाही. मात्र स्थिर गाडीतही तो अगदी शून्य दाखवत नाही. ती छोटी चूक जोडली जाऊन वाढत जाते, म्हणून सुरुवातीला गाडी स्थिर ठेवून सरासरी काढावी लागते. संच बनवणाऱ्यांनी इथे विचारपूर्वक निवड केली आहे. विद्यार्थ्याला निष्कर्ष आयता मिळतो, अडचण भेटतच नाही. आधी नोंदींवर वळवून फसू द्यावे आणि मग घूर्णदर्शी हाती द्यावा, असा क्रम आम्हाला योग्य वाटतो.

किरकोळ पण वेळ खाणाऱ्या दोन गोष्टी. रेषा-संवेदक अवरक्त प्रकाशात पाहतात. काही मार्कर पेनांची काळी शाई आपल्याला काळीभोर दिसते, पण ती अवरक्त किरण शोषतच नाही. गाडीला तिथे कोरा कागद दिसतो. विजेच्या कामाची काळी चिकटपट्टी वापरावी. दुसरे, उन्हात अवरक्त किरण भरपूर असतात, तेव्हा खिडकीजवळच्या बाकावर रेषेचा मार्ग मांडू नये. अर्थात, कोणत्या काळ्या वस्तू गाडीला पांढऱ्या दिसतात याची यादी करणे हा रंगांच्या धड्याला चांगला पूरक प्रयोग आहे.

स्वायत्त यंत्राला किती भाग लागतात, याबद्दल आपली कल्पना या भरगच्च पाट्यांनी बिघडवली आहे. ब्रिस्टलमध्ये विल्यम ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ च्या सुमारास 'एल्मर' आणि 'एल्सी' ही यांत्रिक कासवे बनवली. प्रत्येकात दोन निर्वात नलिका, एक प्रकाश-संवेदक आणि एक स्पर्श-संवेदक. तेवढ्यावर ती प्रकाशाकडे जात, अडथळ्याला वळसा घालत. वॉल्टर हे मेंदूचे अभ्यासक होते. साध्या जोडणीतून किती गुंतागुंतीचे वर्तन निघते, हा त्यांचा प्रश्न होता. झुमोच्या सर्व संवेदकांपैकी दोनच वापरून कासवाचे वर्तन उभे करा, असे आव्हान दिले तर नववीची मुले त्यात रमतील.

संच विकत घेणाऱ्या मुख्याध्यापकांसाठी एक व्यवहाराची बाब. लेगोने १९९८ मध्ये आणलेली 'माइंडस्टॉर्म्स' मालिका २०२२ च्या अखेरीस बंद झाली. एकाच कंपनीच्या अॅपवर चालणाऱ्या गाडीचे आयुष्य त्या अॅपएवढेच असते. झुमोच्या आज्ञावल्या खुल्या आहेत आणि सूक्ष्मनियंत्रकही कंपनीच्या मालकीचा नाही, हा त्याच्या बाजूचा भक्कम मुद्दा. बाहेरून मागवावा लागतो, हा विरुद्ध बाजूचा. तेव्हा दहा गाड्या घेण्याऐवजी दोन घ्याव्यात, सोबत पुन्हा भारित होणारे सेल, चार्जर, चिकटपट्टीची रिळे आणि आलेखकागदाचा एक गठ्ठा घ्यावा. चार मुलांमागे एक वही असावी, आणि तिच्यात गाडी सोडण्याआधीचा अंदाज शाईने लिहिलेला असावा.