सामूहिक स्वप्नकार्य : ‘सेनोई’ मिथक आणि तेमियार वास्तव

प्रस्तावना :
स्वप्न ही केवळ व्यक्तीची खाजगी बाब नसून समूहात उलगडल्यास ती मानसिक व आध्यात्मिक आरोग्याचे साधन ठरते, हा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य जगात रुजला. त्यामागे मलाया द्वीपकल्पातील सेनोई या अरण्यवासी समाजाचे उदाहरण वारंवार दिले गेले. प्रस्तुत लेखात या उदाहरणाची चिकित्सा करण्यात आली आहे.

स्ट्युअर्ट यांची मांडणी :
किल्टन स्ट्युअर्ट यांचा ‘ड्रीम थिअरी इन मलाया’ हा लेख १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या मते सेनोई कुटुंबात सकाळच्या न्याहारीच्या वेळी मुलांची स्वप्ने ऐकली जात. स्वप्नातील शत्रूला सामोरे जावे, पडण्याची भीती टाकून द्यावी, स्वप्नातून समाजासाठी गाणे वा कलाकृती आणावी, असे शिक्षण वडीलधारे देत. परिणामी या समाजात दोन-तीनशे वर्षे हिंसक गुन्हा घडला नव्हता, असा त्यांचा दावा होता. १९६९ मध्ये चार्ल्स टार्ट यांच्या संपादित ग्रंथात हा लेख पुनर्मुद्रित झाला. पॅट्रिशिया गारफिल्ड यांच्या ‘क्रिएटिव्ह ड्रीमिंग’ (१९७४) या ग्रंथाने तो सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेला.

आक्षेप :
जी. विल्यम डॉमहॉफ यांनी ‘द मिस्टिक ऑफ ड्रीम्स’ (१९८५) या ग्रंथात या मांडणीची तपासणी केली. सेमाई समाजात राहून संशोधन करणारे रॉबर्ट डेंटन यांच्यासह अन्य अभ्यासकांना न्याहारीच्या वेळचे असे स्वप्नशिक्षण आढळले नव्हते. स्ट्युअर्ट यांचा लेख प्रसिद्ध झाला तेव्हा मलायात आणीबाणी (१९४८-६०) सुरू होती. अरण्यवासींना सक्तीने छावण्यांत हलविण्यात आले व तेथे अनेकांचा मृत्यू झाला. ज्यांच्या नावाने शांतीचा आदर्श उभा राहिला, त्यांच्या या यातनांचा त्या आदर्शात मागमूसही नाही, ही बाब गंभीर आहे.

तेमियार वास्तव :
तथापि, डॉमहॉफ यांच्या टीकेतून सेनोई समाजात स्वप्नाला महत्त्वच नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. मरिना रोझमन यांनी १९९१ च्या ग्रंथात तेमियार समाजातील स्वप्नगीतांचे सखोल विवेचन केले आहे. झाड, नदी, डोंगर वा प्राणी यांचा आत्मा स्वप्नात भेटतो आणि गीत देतो. हे गीत म्हणजे ‘वाट’ होय, अशी त्यांची धारणा आहे. उपचारविधीत माध्यम झालेली व्यक्ती गीताची ओळ गाते, स्त्रिया ती ओळ उचलतात आणि बांबूच्या नळ्यांच्या आघाताने ताल धरतात. रुग्णाचा हरवलेला आत्मा परत आणणे हा या विधीचा हेतू असतो. येथे स्वप्नाचा अर्थ लावला जात नाही. ते एकत्र गायिले जाते. स्ट्युअर्ट यांनी गीताचा उल्लेख केला, मात्र गाणाऱ्या समूहाऐवजी समुपदेशन करणारे कुटुंब रंगविले.

आधुनिक पद्धतीचे मूल्यमापन :
अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ माँटेग्यू उल्मन यांच्या स्वप्नगटाला अशा दूरस्थ आधाराची गरज भासत नाही. या पद्धतीत गटातील सदस्य सांगितलेले स्वप्न स्वतःचे मानून त्यातील भावना व रूपके मांडतात. त्यानंतर ते स्वप्न पाहणाऱ्याकडे परत सोपविले जाते. अर्थाबाबत अंतिम अधिकार त्याचाच राहतो व प्रक्रिया केव्हाही थांबविण्याची त्याला मुभा असते. गटाच्या दडपणापासून दुःखी व्यक्तीचे संरक्षण करणारा हा नियमच या पद्धतीचे खरे बळ आहे. तथापि, गट हा वैद्यकीय उपचाराचा पर्याय नव्हे, याचे भान आवश्यक आहे.

निष्कर्ष :
सामूहिक स्वप्नकार्याचे मूल्य त्याच्या काल्पनिक प्राचीनतेवर अवलंबून नाही. स्वप्न सांगणाऱ्याचे स्वातंत्र्य जपले जाते काय, या निकषावर ते तपासले पाहिजे. हाच निकष समाजालाही लागू होतो. एखाद्याच्या स्वप्नाचा अर्थ परस्पर ठरविणे जितके अनुचित, तितकेच एखाद्या समाजाची स्वप्नपरंपरा त्याच्या वतीने रचणेही अनुचित होय.